डोळे ‘आले’ नव्हते

मराठीत अवयवांना पाय फुटलेले असतात. तोंड येतं, डोळे येतात, पोट चालतं, आवाज बसतो. आजारी माणूस अंथरुणात पडून राहतो आणि त्याचे अवयव मात्र येरझाऱ्या घालतात. ही गंमत मला शाळेपासून आवडायची. ऑगस्ट २०२३ पासून तिच्यातल्या एका वाक्प्रचाराशी माझं भांडण आहे. ‘डोळे आलेत’ म्हटलं की विचार थांबतो. दुखण्याला नाव मिळालं, मेडिकलवरून ड्रॉप आणले, चार दिवस काळा चष्मा लावला, विषय संपला. पण याच भाषेत ‘डोळा जाणं’ असाही एक शब्दप्रयोग आहे, आणि ज्याच्या आतड्याला सूज आहे त्याच्या बाबतीत या दोहोंमधलं अंतर आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी असतं.

त्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. जुलैत आळंदीतून बोभाटा झाला आणि बघता बघता रुग्णांची संख्या लाखांत गेली. शेजारचा बुलढाणा जिल्हा तर आकड्यांत सगळ्यांच्या पुढे होता. आमच्या गल्लीत एक घर सुटलं नाही. अशात माझा डावा डोळा लाल झाला. मला चौदा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा. जुन्या केस पेपरांवर ‘औरंगाबाद’ छापलंय, नव्यांवर ‘छत्रपती संभाजीनगर’. गावाचं नाव बदललं तरी रोग तोच. पण मेडिकलच्या काउंटरवर हे सांगायचं मला सुचलं नाही आणि पलीकडच्या पोरालाही विचारायचं सुचलं नाही. ‘काका, सगळ्यांचेच आलेत, हे घाला,’ म्हणून त्यानं बाटली पुढं केली. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब होते ते.

दोन दिवसांत डोळा निवळला. थेंब थांबवले, चौथ्या दिवशी पुन्हा लाल. पुन्हा थेंब, पुन्हा आराम, पुन्हा लाली. तिसऱ्या खेपेला भुवईच्या मागे खोलवर ठणका सुरू झाला, ट्यूबलाइटकडे पाहवेना आणि वर्तमानपत्राची अक्षरं धुक्यात गेली. मग कुठं मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्लिट लॅम्पला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘बाहुलीभोवतीचं कडं आतल्या भिंगाला चिकटलंय.’ आणि लगेच, ‘पोटाचा काही त्रास आहे का तुम्हाला?’

मी चाटच पडलो. चौदा वर्षांत डोळ्याच्या खोलीत पोटाचा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. पोटाच्या खोलीत डोळ्याचा प्रश्न तर कधीच नाही.

ही हकिगत मी एका रविवारी चहाला बसलेल्या मित्रमंडळींना सांगितली, आणि त्यातल्या एकानं मला उभं-आडवं घेतलं. तो स्वतः डॉक्टर आहे, तीस वर्षांची जनरल प्रॅक्टिस, हाताला गुण आहे आणि फी अजूनही लाजिरवाणी कमी. त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे भांडण एकट्या त्याच्याशी नाही. त्याच्या म्हणण्यात शहरातल्या निम्म्या दवाखान्यांचं म्हणणं आलं. तो म्हणाला, ‘साथ चालू असताना लाल डोळा दिसला तर मी डोळे आलेत असंच म्हणणार. तुझ्यासारखं शंभरात एखाद्याला होतं, तेही पुस्तकात. उगाच लोकांना घाबरवत लिहू नकोस. आधीच कोलायटिसवाल्यांना कमी घोर आहेत का? पोट आवर, डोळा आपोआप आवरेल.’ आणि जाता जाता, अर्धवट थट्टेत, ‘आमच्या आजीनं तर सांगितलं असतं, उष्णता झालीय.’

मी घाबरवत लिहिणार नाही, पण लिहिणार आहे.

सुरुवात आजीपासून करतो, कारण या सगळ्यांत मला तीच सर्वांत शहाणी वाटते. आवेबरोबर रक्त पडतंय, तोंड आलंय, डोळे लाल झालेत, नडगीवर लालसर दुखऱ्या गाठी उठल्यात, घोटे धरलेत. तिनं या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं, उष्णता. मग सब्जा, धण्याचं पाणी, तळपायाला तूप लावून काशाची वाटी. वाटीनं बुबुळ सुटत नाही हे खरं. पण हे सगळं एकाच झाडाला लागलेलं आहे, हे तिनं ओळखलं होतं. तोंडातले व्रण, नडगीवरच्या गाठी, सांधे आणि डोळे ही आतड्याच्या या रोगाची आतड्याबाहेरची ठिकाणं म्हणून आज वैद्यकाच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात शेजारी शेजारी सापडतात. चूक आजीची नाही, आपली आहे. आपण तिचं नाव टाकून दिलं ते बरंच केलं, पण नावाबरोबर तिची नजरही टाकली. पोट एका मजल्यावर नेलं, डोळा दुसऱ्या, आणि मधला जिना बंद केला.

‘पोटाचा आणि डोळ्याचा संबंध काय?’ असं विचारणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय, आणि ते देणारा माणूस साधासुधा नव्हता. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोननं १९३२ मध्ये गिन्झबर्ग आणि ओपेनहाइमर यांच्याबरोबर लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या दाहाचं वर्णन केलं. त्यालाच आज जग क्रोन्स डिसीज म्हणतं. पण त्याआधी सात वर्षं, १९२५ मध्ये, याच क्रोननं कोलायटिसच्या रुग्णांमध्ये उद्भवलेल्या डोळ्यांच्या विकारांवर लेख लिहिला होता. म्हणजे ज्याच्या नावानं पोटाचा रोग ओळखला जातो, त्यानं त्या रोगाच्या आधी डोळ्याची दखल घेतली होती. पोटाचे डॉक्टर त्याचं नाव रोज घेतात. त्याच्या या लेखाची आठवण किती जणांना असेल?

संबंध नेमका कसा जुळतो, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही, पण धागे हाताला लागलेत. किरोन दास आणि भगत यांनी १९९४ मध्ये दाखवलं की मोठ्या आतड्याच्या पेशींत आढळणारा प्रथिनाचा एक विशिष्ट तुकडा डोळ्यातल्या सिलिअरी बॉडीत आणि सांध्यातही सापडतो. सिलिअरी बॉडी म्हणजे डोळ्याच्या आतलं पाणी तयार करणारा भाग. आतड्याविरुद्ध पेटलेली प्रतिकारशक्ती तोच चेहरा डोळ्यात दिसला की तिथंही तलवार उपसते, असा त्यामागचा तर्क. शिवाय डोळ्याचा मधला थर, युव्हिया, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. आतड्यातून पेटून निघालेल्या पेशींना तिथं पोचायला वेगळा रस्ता शोधावा लागत नाही.

आता मित्राच्या सर्वांत ठाम वाक्याकडे येतो: पोट आवर, डोळा आवरेल. हे वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ थराला सूज येते, तिला एपिस्क्लेरायटिस म्हणतात. आतड्याच्या रोग्यांत हा प्रकार बऱ्यापैकी आढळतो. ती बहुधा पोटाच्या तालावर चालते; पोट भडकलं की डोळा लाल, पोट शांत की डोळा शांत. ती त्रास देते, पण सहसा दृष्टी नेत नाही. मित्राच्या पाहण्यात आलेले कोलायटिसवाल्यांचे लाल डोळे बहुतेक या जातीचे असावेत, आणि त्यांच्याबाबत त्याचं म्हणणं खरं ठरलं असणार. पण युव्हियाची सूज म्हणजे युव्हायटिस, जी मला झाली होती, ती पोटाचं ऐकत नाही. पोट महिनोन्‌महिने शांत असताना ती येते. कधी कधी तर पोटाच्या रोगाचं निदान होण्याच्या आधीच येते, आणि माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे चपला झिजवत असतो तेव्हा आतड्यातल्या जखमा अजून तोंड उघडायच्या असतात. माझं पोट त्या ऑगस्टमध्ये अगदी ठाकठीक होतं. दिवसातून दोनदा, रक्त नाही, कळ नाही. ‘पोट आवर’ म्हणजे काय आवरू?

हीच गोष्ट औषधांच्या बाजूनंही ताडून बघता येते. व्हेडोलिझुमॅब नावाचं नवं औषध जवळपास फक्त आतड्यावर काम करतं. पेटलेल्या पेशींना आतड्यात शिरू न देणं एवढंच त्याचं काम, आणि म्हणूनच बाकी शरीराला त्याचा त्रास कमी. पण डोळ्याला त्याचा उपयोगही जवळपास नाही. पोट सावरलेला आणि डोळा पेटलेला माणूस ही आता कल्पनेतली गोष्ट राहिली नाही. उलट अॅडालिमुमॅबसारखी औषधं दोन्हीकडे चालतात. अमेरिकेत ते २०१६ पासून युव्हायटिससाठीही मान्य झालंय, आणि आपल्याकडे झायडसनं डिसेंबर २०१४ मध्ये त्याची देशी आवृत्ती आणल्यापासून ते निदान काही जणांच्या आवाक्यात आलंय. म्हणजे डोळा दुखतोय की नाही यावर पोटाचं औषधसुद्धा ठरू शकतं. मग पोटाच्या डॉक्टरनं डोळ्याचं विचारायचं नाही हे कुठल्या हिशेबात बसतं?

युव्हायटिसमध्ये होतं काय, ते थोडं निवांत सांगतो, कारण एकदा समजलं की काउंटरवरचे थेंब हातात घ्यायची माणसाला भीती वाटेल, आणि ती भीती योग्य आहे. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. सूज आली की त्यात प्रथिनं झिरपतात, पांढऱ्या पेशी उतरतात. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर स्लिट लॅम्पची बारीक तिरीप डोळ्यात सोडतात तेव्हा त्या पेशी अशा तरंगताना दिसतात जशी जुन्या वाड्यात कवडशात धूळ. हा कवडसा टॉर्चनं दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं दिसत नाही, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत तर नाहीच नाही. प्रथिनांनी तो द्रव चिकट होतो आणि बाहुलीभोवतीचं रंगीत कडं मागच्या भिंगाला चिकटायला लागतं. एका जागी चिकटलं तर बाहुलीला खाच पडते. चहूकडून चिकटलं तर आतल्या पाण्याची वाट बंद होते, दाब चढतो आणि दृष्टीची नस दबत जाते. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब सुरुवातीलाच घालावे लागतात, चिकटू नये म्हणून आणि चिकटलं असेल तर सुटावं म्हणून. माझ्या बाटलीत ते नव्हते. स्टिरॉइड होतं, तेही दिवसातून तीनदा आणि दोनच दिवस. आग विझवायला तांब्याभर पाणी ओतायचं, धूर कमी दिसला की घरी जायचं, असा तो प्रकार.

म्हणून काउंटरवरचं स्टिरॉइड मला फसवं वाटतं. ते खोटं औषध नाही; युव्हायटिसमध्ये स्टिरॉइडचेच थेंब देतात, पण तासातासाला, मोजून, आठवडे लावून हळूहळू कमी करत, आणि डोळ्याचा दाब बघत. दर तिघांतल्या एकाच्या आसपास माणसांच्या डोळ्याचा दाब स्टिरॉइडनं कमीअधिक चढतो, आणि त्याला ते कळतही नाही. डोळ्यात नागिणीच्या जातीचा विषाणू असला तर हेच थेंब जखम पसरवतात. कापूस वेचताना किंवा ज्वारी मळताना डोळ्यात काडी गेली आणि बुरशीची जखम झाली तर ते डोळ्याचं वाटोळं करतात. मराठवाड्यात शेतीच्या हंगामात असे डोळे किती येतात ते कुठल्याही डोळ्याच्या ओपीडीत विचारा. या थेंबांतली स्टिरॉइडं कायद्यानं शेड्यूल एचमध्ये आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. हा नियम मेडिकलच्या काउंटरवर पिठाच्या गिरणीतल्या ‘येथे थुंकू नये’ पाटीइतकाच पाळला जातो.

बरं, माझा डोळा निदान लाल तरी झाला, दुखला तरी. आतड्याच्या रोगाबरोबर येणारी युव्हायटिस बऱ्याचदा चोरपावलांनी येते. अमेरिकेत लायन्स आणि रोझेनबाऊम यांनी १९९७ मध्ये मणक्याच्या संधिवाताबरोबर येणारी युव्हायटिस आणि आतड्याच्या रोगाबरोबर येणारी युव्हायटिस समोरासमोर ठेवून पाहिली. मणक्यावाल्यांची एका डोळ्यात, अचानक, लालभडक. आतड्यावाल्यांची बरेचदा दोन्ही डोळ्यांत, हळूहळू, भिंगाच्या मागेही पसरणारी, रेंगाळणारी, आणि रुग्णांमध्ये बायका जास्त. आता आपल्या घरातली चाळिशीची बाई डोळ्यांपुढे आणा. दोन्ही डोळ्यांना जरा धूसर दिसतंय, काळे ठिपके तरंगतायत, लाली नावापुरती. ती काय म्हणेल? ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल.’ चष्म्याच्या दुकानात जाईल, नवा चष्मा घेईल आणि सहा महिने त्यातूनही धूसरच बघेल. पोटाचं तर ती कुणाला सांगणारच नाही. दिवसातून दहादा संडासला जावं लागतं हे सांगायला पुरुषाची जीभ रेटत नाही, तिथं सून कुणाला सांगणार? त्यातून या शहरात नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा येतं. बादलीबादलीचा हिशेब असलेल्या घरात हा रोग लपवायचा कसा, यातच अर्धं डोकं खर्च होतं. आणि रक्त पडतंय हे कळलंच, तर रस्तोरस्ती ‘मूळव्याध-भगंदर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या आहेतच. एकदा मूळव्याध ठरली की डोळ्याशी संबंध जोडायला कुणी उरत नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा आकड्यांचा. दुर्मीळ, पुस्तकातलं. मी वहीवर हिशेब मांडला, तोही ढोबळ आहे हे आधीच कबूल करून. लुधियानात अजित सूद आणि सहकाऱ्यांनी घरोघर फिरून केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखामागे ४४.३ निघालं. पाश्चात्यांचा, साहेबांच्या जेवणाचा रोग म्हणून जो आपण बाजूला सारला होता, तो पराठे खाणाऱ्या पंजाबात ठाण मांडून बसलेला निघाला. मराठवाडा म्हणजे पंजाब नव्हे, खानपान वेगळं, पाणी वेगळं. तरी तेच प्रमाण धरलं तर २०११ च्या जनगणनेतल्या आमच्या जिल्ह्याच्या ३७ लाख वस्तीत सोळाशेच्या वर माणसं येतात. क्रोन्सवाले वेगळे. आतड्याच्या या रोगांत डोळ्याचा त्रास होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी शंभरात चार ते दहा सांगितलं जातं, कुठे त्याहून थोडं जास्त. म्हणजे एका जिल्ह्यात ६५ ते १६० माणसं. मित्राच्या एका दवाखान्यात तीस वर्षांत एखाद-दुसरा आला असेल, तोही ‘डोळे आले’ म्हणून परत गेला असेल. जे ओळखलंच नाही ते मोजणार कसं? आणि जे मोजलं नाही ते दुर्मीळ, हा युक्तिवाद गोल फिरून पुन्हा दारात येतो.

इथं एक कबुली द्यायलाच हवी. या देशानं डोळ्याच्या बाबतीत खरी मर्दुमकी गाजवली ती मोतीबिंदूत. १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम चाललाय, आणि आमच्या मराठवाड्याच्याच डॉ. तात्याराव लहानेंना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच लढाईतल्या कामासाठी. मोतीबिंदूच्या रांगा उभ्या असताना युव्हायटिस कुठं शोधत बसू, असं कुणी म्हटलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण या यशाची एक सावली आहे. डोळा म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं आणि मोतीबिंदू म्हणजे साठीनंतर, असं डोक्यात पक्कं बसलंय. कोलायटिस आणि क्रोन्स बहुधा ऐन पंधरा ते पस्तिशीत गाठतात. वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्लेल्या तिशीच्या पोराला भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो, आणि त्याचं लक्षणही उलटंच असतं. उन्हात, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात जास्त त्रास होतो, सावलीत बरं दिसतं. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा असा पोरगा ‘दुचाकी चालवताना दिवे फुटतात’ म्हणतो, आणि घरचे म्हणतात मोबाइल कमी बघ.

आता एक गोष्ट, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे आणि जिच्यात कुणा एकाचा दोष दाखवता येत नाही. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी भारतात इतके सारखे दिसतात की दुर्बीण घालून, तुकडा काढून पाहिल्यावरही कित्येकदा ठरत नाही. मग टीबीचा देश म्हणून आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांत फरक पडतो का ते बघतात. यात गैर काही नाही; उलट टीबी असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर अनर्थ होईल. पण त्या औषधांत इथॅम्ब्युटॉल असतं, आणि आता रोजच्या डोसच्या पद्धतीत ते पुढच्या चार महिन्यांतही चालूच राहतं. इथॅम्ब्युटॉल काही जणांच्या दृष्टीच्या नसेला इजा करतं. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. आधी लाल आणि हिरव्यातला फरक फिका पडतो, मग मधोमध धूसर होतं. वेळीच थांबवलं तर बऱ्याच जणांची दृष्टी परत येते, सगळ्यांची येत नाही. म्हणजे क्रोन्सचा एखादा रोगी टीबी नसताना टीबीची गोळी खातो, त्याच्या डोळ्याला रोगापासून एक धोका आणि औषधापासून दुसरा, आणि दोन्ही धोक्यांबद्दल त्याला कुणी अवाक्षर सांगितलेलं नसतं. गोळ्या सुरू करण्याआधी एकदा आणि मग महिन्यातून एकदा रंगीत ठिपक्यांचा तक्ता समोर धरायला दोन मिनिटं लागतात. (हे वाचून कुणी टीबीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. ते माझ्या मेडिकलवाल्याच्या वरताण होईल.)

टीबीचा गुंता इथं संपत नाही. टीबी स्वतःसुद्धा युव्हायटिस करतो. म्हणून आपल्याकडे कोलायटिसवाल्याची युव्हायटिस ही कोलायटिसचीच, असं धरून चालता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मलाही छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या. तेव्हा मी कुरकुरलो होतो. अॅडालिमुमॅबसारखी औषधं अंगात झोपलेला टीबी उठवू शकतात, हे कळल्यावर कुरकुर थांबली.

उलटा रस्ताही तितकाच खडबडीत आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला सूज आली की डोळ्यांचे डॉक्टर पुष्कळदा वेदनाशामक गोळ्या देतात. तीच गोळी काही कोलायटिसवाल्यांचं पोट भडकवते. डोळा बरा आणि पोट बिघडलं, की माणूस पोटाच्या डॉक्टरकडे जातो, तिथं गोळीचं नाव कुणी विचारत नाही, आणि स्टिरॉइड पुन्हा सुरू होतं. लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकलेल्या क्रोन्सच्या रुग्णाला जीवनसत्त्व अ शोषता आलं नाही तर रातांधळेपणा येऊ शकतो, हे तर आणखी विस्मरणात गेलेलं. ते इथं नुसतं नोंदवून पुढं जातो.

‘घाबरवू नकोस’ याला मात्र मी मनापासून उत्तर देतो. प्रत्येक कोलायटिसवाल्याला दर महिन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर ओपीडी तुंबतील, आणि ज्याचा डोळा खरोखर पेटलाय तो रांगेत शेवटी राहील. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला हा रोग आहे त्याचा लाल किंवा धूसर डोळा ही वेगळी वस्तू आहे. तिला स्लिट लॅम्पखाली बसवल्याशिवाय नाव द्यायचं नाही, आणि ते दोन-तीन दिवसांच्या आत. हे यंत्र काही दुर्मीळ नाही. शहरातल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात ते असतंच, आणि घाटी या आमच्या सरकारी रुग्णालयात तर मेडिसिन आणि नेत्र विभाग एकाच आवारात आहेत. पोटाच्या डॉक्टरच्या ओठावर एक प्रश्न यायला हवा: डोळे लाल होतात का, दुखतात का, धूसर दिसतं का? आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या ओठावर दुसरा: पोट कसं आहे, रक्त पडतं का? दोन्ही मिळून अर्धं मिनिट. यानं कुणी घाबरत नाही. माणूस घाबरतो ते तिसऱ्यांदा थेंब घातल्यावरही अक्षरं धुक्यातच राहिली की.

हे सगळं मित्राला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘शहरातलं ठीक आहे. सोयगावची मजूर बाई रोज बुडवून, एसटीचं भाडं भरून तुझ्या स्लिट लॅम्पपर्यंत येणार आहे का? तिथं मी असतो तर मी काय करायचं?’

हा त्याचा सगळ्यात खरा मुद्दा होता, आणि तो त्यानं शेवटपर्यंत राखून ठेवला होता. मी त्याला तेच सांगितलं जे माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला करून दाखवलं होतं. आलेल्या डोळ्यांत चिपडं येतात, पापण्या सकाळी चिकटतात, खाज सुटते, आणि दिसायला बहुधा व्यवस्थित दिसतं. युव्हायटिसमध्ये चिपडं नसतात, लाली बुबुळाच्या कडेला गोळा होते आणि ठणका आत असतो. आणि एक साधी खूण. दुखरा डोळा झाकायचा आणि टॉर्च चांगल्या डोळ्यावर मारायचा. दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात, म्हणून आत सूज असली तर उजेड नसलेला, झाकलेला डोळाच कळवळतो. नुसत्या आलेल्या डोळ्यात असं सहसा होत नाही. चाचणी नकारार्थी आली म्हणून बिनघोर राहायचं नाही, पण होकारार्थी आली तर त्या बाईला एसटीत बसवायचंच.

मित्रानं तिथंच मोबाइलचा टॉर्च लावला. माझ्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला, उजेड उजव्यावर मारला.

‘दुखलं?’

‘आता नाही.’

त्यानं हात काढला, टॉर्च डावीकडे वळवला आणि थोडा पुढं वाकून बघू लागला. सगळ्या जागा सुटल्या, एक राहिलीय, खालच्या बाजूला. बाहुली तिथं गोल नाही.